वाटीतले चिचोके

सासऱ्याचं पाणी मोजणारी सून मी तरी आमच्या तळेगावात दुसरी पाह्यली नाई. आमच्या रक्षाले ती खोड होती. माठाजवळच्या कोनाड्यात तिनं पितळेची एक वाटी ठेवली होती. सासऱ्यानं गडवा तोंडाले लावला का ही चुलीपासून उठून येई अन् वाटीत चिंचेचा एक चिचोका टाके. मले आधी वाटलं, अष्टचंग खेळाले जमवून राह्यली असंल. एका संध्याकाळी सीताबाई आमच्या शेजारची पीठ मांगाले आली, तिच्यासमोर मी वाटी खाली घेतली अन् मोजले. एकोणीस निघाले. मी विचारलं, हे काय आहे. तं ही खालच्या आवाजात म्हणे, बाबा सकाळपासून एकोणीस गडवे पाणी पेले, अन् हे थंडीचे दिवस आहेत.

माझ्या दारावरून ढोरं घेऊन जाणाऱ्या गुराख्याचंही पाणी मी कधी मोजलं नाई. मी तिले सांगतलं का तुमच्या नालवाडीत नळ घंटाभर येते म्हणून तुमाले मोजाची सवय, आमच्या घरी विहीर आहे. सीताबाई पदर तोंडाले लावून हसली. मी वाटी अंगणात उलटी केली. कोंबडीनं एक चिचोका टोचून पाह्यला अन् सोडून देला. रक्षानं वाटी उचलली, घासली अन् कोनाड्यात पालथी ठेवली. ती चूप बसली का मले आणखी राग येई.

आमचा बुढा म्हणजे तानबाजी कलमवाले. आष्टी तालुक्यात संत्र्याचा बगीचा ज्याच्या घरी आहे, त्यानं कधी ना कधी त्याच्या हातचं कलम लावलंच असंल. रोप जंबेरी लिंबाचं असते, काटेरी. त्याच्या सालीत चाकूनं चीर पाडाची, संत्र्याच्या फांदीवरून डोळा सालीसकट काढून त्या चिरीत बसवाचा अन् वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळाची. वीस-बावीस दिवसांनी पट्टी सोडली का डोळा हिरवा पाह्यजे. काळा पडला असंल तं ते रोप वाया. बुढा उकिडवा बसून दिवसाले आठशे रोपं बांधे. शंभरातले चार-पाच काळे निघाले तरी त्याले त्या दिवशी जेवण नाई जाये.

या कामात दोन गोष्टी पाळतात. वाफ्यात चप्पल घालून जायचं नाई. अन् बिमार माणसानं कलमेले हात लावाचा नाई, त्याच्या हातानं डोळा काळा पडते म्हणतात. खरं का खोटं, मी काही पाह्यलं नाई. पण नर्सरीवाले मानतात, अन् बुढा तं सगळ्यात जास्त माने. त्याच्या सख्ख्या भावाले कावीळ झाली होती, तवा यानंच त्याले अख्खा हंगाम वाफ्याबाहेर बसवलं होतं. भाऊ बांधावर बसून राहे अन् पाहे. म्हणून आमच्या घरी हिवाळ्यात बिमारीचं नाव कोणी घेत नसे. त्या साली बुढ्याकडं बंडूजीच्या नर्सरीचं काम होतं. हायवेच्या बाजूले त्याची मोठी नर्सरी आहे, तालुक्यातली सारी माणसं तथीच रोपं घ्याले येतात. तथी हात खराब झाला का सगळीकडं खराब झाला.

चिचोके फेकल्याले चार दिवस झाले नसतील, रक्षा पुन्हा माझ्याजवळ आली. मी भाकरी थापून राह्यली होती. म्हणे, आई, न्हाणीच्या मागं बाबा बसतात तथी मुंग्या लागतात. रोज पाणी टाकते मी, अन् रोज पुन्हा लागतात. तिच्या आईचं, प्रमिलाबाईचं, असंच सुरू झालं होतं म्हणे. पहिले पाणी, मंग मुंग्या, मंग जेवूनही अंग वाळत गेलं. आता ती बाई पोटाले सुया टोचून घेते, एका डोळ्यानं दिसत नाई. रक्षा म्हणे, उपकेंद्रातली सिस्टर बोटातून रक्ताचा एक थेंब घेते, पाच मिंटाचं काम आहे.

मी म्हटलं, तुह्या आईनं जनम खुर्चीत बसून काढला, तिले बसल्या माणसाची बिमारी झाली. माहा माणूस आठ घंटे उकिडवा बसते, त्याले कुठून होईल. ती म्हणे, आई, तसं नसते. सुनेच्या तोंडून तसं नसते आयकलं अन् माझं डोकं गेलं. हातातली भाकर मी परातीत आपटली.

"याच्यापुढं माह्या नवऱ्याच्या मुताची गोष्ट तुह्या तोंडून निघाली," मी म्हटलं, "तं नालवाडीचा रस्ता तुले पाठ आहे."

ती तथीच उभी राह्यली. चुलीतला धूर तिच्या डोळ्यात जात होता तरी हलली नाई. मंग म्हणाली, बरं. अन् खरंच त्याच्यानंतर ती गोष्ट काढली नाई. मी सीताबाईले सांगतलं, सुनेले कसं बसवाचं ते माझ्यापासून शिकावं.

आता खरं सांगाचं तं मलेही दिसत होतं. बुढ्याच्या कमरेचा करदोडा ढिला होऊन मांडीवर येई, मी दोनदा गाठ मारून दिली. पाच भाकरी खाऊन उठे अन् घंट्याभरात पुन्हा टोपल्यावरचं फडकं उचले, तरी गालफडं आत गेली होती. दिवाळीत त्याच्या अंगठ्याले कलमेचा चाकू लागला होता, संक्रांत आली तरी ती जखम ओलीच. तो कलमेचीच पट्टी अंगठ्याले गुंडाळून कामावर जाई. तळव्याची आग होते म्हणून पाय थंड्या फरशीवर टेकवून बसे, मी खोबऱ्याचं तेल चोळून देई. मंग एक दिवस म्हणाला, आग थांबली वो वच्छला. मले बरं वाटलं. तेलाचा गुण आला, असं मी घरभर सांगत फिरली. तळवे मेले होते, ते मले दवाखान्यात समजलं.

पट्ट्या सोडाचा दिवस आला. ते काम बायांचं. आमी आठ-दहा जणी वाफ्यात बसून ब्लेडनं पट्टी कापत जात होतो. पहिल्या ओळीत काळे निघाले. दुसऱ्या ओळीत काळे. डोळा चिरीत नीट बसलाच नव्हता, काही तं उलटे लावले होते. उलटा डोळा. माझ्या लग्नापासून बुढ्याच्या हातून उलटा डोळा लागला नव्हता. बाजूची बाई माझ्याकडं पाहे अन् मी खाली पाहून भरभर पट्ट्या कापत जाई, जशा काही लवकर कापल्यानं हिरव्या होणार होत्या.

बंडूजी आला. तो वरडणारा माणूस नाई, वरडला असता तं बरं होतं. त्यानं पाच-सहा रोपं वाकवून पाह्यली अन् म्हणाला, "तानबाजी, चष्मा घेऊन पाह्यता का एखादा?"

बाया हसल्या. बुढाही हसला. मंग बंडूजीची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. पट्टीतून पिवळं पाणी गळत होतं. बंडूजीनं विचारलं, हे कवाचं. बुढा म्हणाला, कालचं. बंडूजी माझ्याकडं वळला. मीही म्हटलं, कालचंच आहे जी. बंडूजीनं मान हलवली अन् म्हणाला, दोन-चार दिवस आराम करा, बाकीचे वाफे दुसरे माणसं पाहून घेतील. आवाज एकदम गोड. बुढा बांधावर जाऊन बसला, जसा त्याचा भाऊ बसत होता तसाच. मी पट्ट्या कापत राह्यली. दिवस मावळेपर्यंत मी मागं वळून पाह्यलं नाई.

त्या संध्याकाळी आमी घरी आलो अन् बुढा छपरीतून आत गेला, तं शेणानं सारवलेल्या भुईवर लाल ठिपके पडत गेले. रक्षानं आधी पाह्यले. ती धावून आली अन् बुढ्याचा पाय उचलून पाह्यला. टाचेत जंबेरीचा काटा होता, अर्ध्या बोटाएवढा, मोडलेला. कातडीच्या आत काळा दिसत होता. सकाळचा असंल का कालचा, कोणाले माहीत. बुढा आमच्या दोघींकडं पाहून विचारे, काय आहे वो. जसं काही पाय दुसऱ्याचा होता.

मी पिनेनं काटा काढला. मंग बिबा आणला. आमच्या माहेरी काटा मोडला का बिबाच लावतात. सुईले बिबा खोवून दिव्यावर धरला का त्याचं तेल सुटते, ते तापलेलं तेल काट्याच्या जागी टेकवाचं. आग अशी होते का चांगला धडधाकट गडी मायच्या नावानं वरडते. माझा बाप वरडला होता, मी सोता पाह्यलं आहे. रक्षा म्हणाली, आई, बिबा नका लावू, सिस्टरकडं नेऊ. मी तिच्याकडं पाह्यलंही नाई. बिबा तापवला अन् टाचेवर टेकवला. चर्र झालं. कातडी पांढरी पडली. धूर निघाला.

बुढा बंडूजीची गोष्ट सांगत होता. चष्मा म्हणते मले, चष्मा. तो सांगतच राह्यला. मी आणखी दोनदा टेकवला. तो पायाकडं पाहतही नव्हता.

माझी छाती भरून आली. असा माणूस पाह्यला का कुठं, मी म्हटलं, बिब्याले हूं नाई केलं. दारात रक्षा उभी होती, लुगड्याचा पदर मुठीत धरून. ती हळूच म्हणाली, "आई, बाबाले दुखलं काऊन नाई?"

मी म्हटलं, "माहा माणूस तुह्या बापासारखा नाजूक नाई."

तिनं मान खाली घातली अन् आत गेली. तो प्रश्न मी त्या दिवशी आयकला असता तं. जाऊ द्या.

बुढा आराम कराले घरी बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याच घरामागच्या वाफ्यात जाऊन बसला, टाचेले फडकं बांधून, तसाच अनवाणी. सात दिवस. आठव्या दिवशी घरात वास येऊ लागला. मले वाटलं उंदीर मेला. मी कोठ्या हलवून पाह्यल्या, फळीवरचे डबे काढले, रक्षाले वरडली का झाडलोट नाई करत. तिनं झाडू खाली ठेवला, बाजेजवळ गेली अन् बुढ्याच्या पायावरचं फडकं सोडलं. टाच मऊ झाली होती, जास्त पिकलेल्या पपईसारखी. करंगळी अन् बाजूचं बोट काळं. पोटरीपर्यंत पाय लाल अन् तापलेला. बुढा डोळे मिटून बडबडत होता, पट्ट्या आणा, पट्ट्या आणा.

त्या वेळी तिनं मले विचारलं नाई. भूपेंद्रले फोन लावला. माझा पोरगा संत्र्याचा टेम्पो चालवते, तो नागपूरले मंडीत होता. तो येईपर्यंत थांबलीही नाई, बंडूजीच्या नर्सरीची गाडी मांगून आणली अन् बुढ्याले तिच्यात टाकलं. मी मागं बसली, बुढ्याचं डोकं मांडीवर घेऊन. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याकडं निघालो. बुढा पाणी मांगे अन् ती बाटली त्याच्या तोंडाले लावे. तीन बाटल्या गेल्या. तिचे ओठ हलत होते. मोजत होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्ताची शुगर पाचशेच्या वर आहे म्हणाली. ही कालची नाई, कितीतरी वर्षांची असंल. तिनं चिमट्यानं पाय दाबून पाह्यला, एक पातळ तार तळव्याले लावून बुढ्याले विचारलं, लागते का. तो म्हणे, लावा ना बाई, लावल्यावर सांगतो. ती तार तवा लागूनच होती. मंग ती आमच्याकडं वळून एकेक विचारत गेली. तहान जास्त होती का. लघवीले वारंवार जात होते का. वजन उतरलं का. जखमा भरत नव्हत्या का. नजर कमी झाली का. रक्षा एकेकाले हो म्हणत गेली. डॉक्टरीण म्हणाली, एवढं सगळं दिसत होतं तं कोणी आणलं काऊन नाई. रक्षा चूप. मी भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडं पाहत होती.

मंग तिनं टाचेचं भाजलेलं पाह्यलं.

"हे कशानं जाळलं? बिबा का? कोणी लावला?"

डॉक्टरीण रागावली होती, आजूबाजूच्या खाटांवरचे लोक पाहत होते. चाळीस वर्षं त्या घरात माझाच आवाज चालला अन् त्या दिवशी मले मी म्हणता आलं नाई. एवढा एक शबद.

"मी लावला," रक्षा म्हणाली.

मंग तिले जे बोलणं बसलं ते मी उभी राहून आयकलं. बारावी शिकल्या तुमी, घरात आईले शुगर आहे म्हणता, अन् बिबा लावता. ज्या पायाले कळतच नाई त्याच्यावर तापलेलं तेल. काटा लागला तवा आणलं असतं तं हा पाय वाचला असता कदाचित. रक्षा हो मॅडम, हो मॅडम म्हणत राह्यली. खाटेवर बुढा जागा होता. त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मंग तोंड भिंतीकडं केलं.

पहिले दोन बोटं काढली. चार दिवसांनी घोट्याच्या वर एक वीत ठेवून पाय काढला. कागदावर अंगठा द्या म्हणाले, मी म्हटलं मले सही येते. वच्छलाबाई तानबा एवढं लिहाले मले किती वेळ लागला, तेवढा वेळ पेन देणारा पोरगा घड्याळ पाहत उभा होता. काढलेला पाय कुठं गेला ते मी विचारलं नाई. डोळ्याच्या डॉक्टरनं सांगतलं, आत रक्त उतरलं आहे, सुया देऊन पाहू, पण बारीक काम विसरा. एकानं असंही सांगतलं का हे घराण्यात उतरते, पोराची शुगर दरसाल पाहत जा. भूपेंद्र त्या वेळी औषधं आणाले खाली गेला होता. आयकणाऱ्या आमी दोघीच होतो.

भूपेंद्रले बिब्याची गोष्ट वॉर्डातल्याच कोणी सांगतली. त्यानं जिन्याजवळ रक्षाले उभं केलं अन् जे तोंडाले आलं ते बोलला, बापाचा पाय खाल्ला इथपर्यंत. मी चार पायऱ्या वर बसून होती. तिनं एकदा वर पाह्यलं. मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

मी तिले सांगतलं नव्हतं, माझ्यासाठी खोटं बोल म्हणून. दवाखान्यातल्या एकवीस दिवसांत मी रोज तेच सोताले सांगत होती. अन् रोज तिच्या हातचं जेवत होती.

बुढा घरी आला तवा चिंचा झोडपाचे दिवस होते. त्याची बाज आमी छपरीत टाकली, तथून वाफा दिसते. जंबेरीची रोपं तशीच वाढून काटे काढून उभी होती. तो त्यांच्याकडं तोंड करून बसे. त्याले ती हिरवी हिरवी दिसत, बस. रक्षा दोन वेळ त्याले सुई देई, उरलेल्या पायाचा तळवा आरसा धरून पाहे, बोटांच्या बेचक्या पुसे. एका दुपारी मी त्याले भाकर कुस्करून देत होती, तं तो म्हणाला, "वच्छला, तवा आग झाली असती तं मी वरडलो असतो ना वो."

मी म्हटलं, जेवा. अन् उठून न्हाणीच्या मागं जाऊन उभी राह्यली. तथी आता मुंग्या नव्हत्या.

गावात गोष्ट पसरली होतीच. पाहाले येणारी हरेक बाई जाताना रक्षाकडं वाकडं पाहून जाई. शिकलेली सून, तिनं बिबा लावून सासऱ्याचा पाय घालवला. माझ्यासमोर म्हणत, मी चिंच फोडत राहे. महिनाभर असंच चाललं. प्रमिलाबाई नालवाडीवरून आली, काळा चष्मा लावून, रक्षाच्या खांद्याले धरून बाजेपर्यंत गेली. तिनं व्याह्याच्या पायावरून हात फिरवून पाह्यला अन् विचारलं, रक्षा, तुले तं माहीत होतं ना बाई. पोरीनं आईलेही खरं सांगतलं नाई.

परवा आमी अंगणात चिंच फोडून राह्यलो होतो, मी अन् सीताबाई. माझ्यापुढं चिचोक्यांचा ढीग. भूपेंद्र मंडीतून आला, टेम्पो लावला, माठाजवळ गेला अन् गडवाभर पाणी उभ्यानं पेला. मंग पुन्हा भरला अन् पेला. तिसऱ्यांदा अर्धा. ऊन होतं, पेला असंल. पण दारात रक्षा उभी होती अन् ती पाहत होती, तशीच जशी ती बुढ्याले पाहे. मंग तिनं माझ्याकडं पाह्यलं, मी पाहून राह्यली हे तिले दिसलं, अन् तिनं डोळे खाली घातले. आत गेली. चूप.

सीताबाई म्हणाली, घरात म्हाताऱ्या माणसाले विचारून बिबा लावला असता तं हे दिवस आले नसते, पण आजकालच्या सुना विचारतात कोणाले.

मी विळा खाली ठेवला. मी म्हटलं, रक्षा, बाहेर ये. ती आली, हात पिठाचे. मी म्हटलं, भूपेंद्र, तूही इकडं ये. बाजेवर बुढ्यानं मान वळवली.

"बिबा मी लावला," मी म्हटलं. "सीताबाई, आयकून घे अन् गावात सांग, तुले नाईतरी सांगाचंच असते. ही नको म्हणत होती, मी लावला."

सीताबाईच्या हातातली चिंच तशीच राह्यली. भूपेंद्र बायकोकडं पाहाले लागला. रक्षा म्हणाली, जाऊ द्या ना आई. तेच मले नको होतं.

"जाऊ काऊन देऊ? तुह्यावर माहा राग आहे, तो जाणार नाई. तुले सगळं दिसलं होतं, अन् मी एकदा नालवाडीचा रस्ता दाखवला तं तू बरं म्हणून बसली. यांचा पाय माह्या तोंडानं गेला अन् तुह्या चूप बसण्यानं गेला. वरून माहं पाप मले न विचारता आपल्या अंगावर घेतलं. मी मांगतलं होतं? हा ढीग इथं आहे, वाटी कोनाड्यात आहे. तुह्या नवऱ्याचं पाणी मोजजो अन् उद्या त्याले सिस्टरकडं नेजो. मी वरडली तं वरडू देजो, आडवी आली तं लोटून देजो. पण पुन्हा चूप बसली ना रक्षा, तं या घरात मी तुले ठेवणार नाई."